चार नंबरची कोठी

२ नोव्हेंबर

खोली आठ बाय दहा. पूर्वी इथे वजनकाट्याचा कारकून बसायचा. भिंतीवर त्याच्या टाचण्यांची भोकं अजून आहेत. टेबल, बेसिन, दळायचं छोटं यंत्र (मिक्सरची थोरली बहीण म्हणता येईल), आकडा दाखवणारं दुसरं यंत्र, आणि माझी खुर्ची. खिडकीतून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आवार दिसतं. आवारात चार लोखंडी कोठ्या रांगेनं उभ्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. एकेकीत शंभर टन मका मावतो.

काम सोपं आहे. शेतकऱ्यांचा मका इथे येतो, ड्रायरमध्ये वाळतो, कोठीत भरला जातो आणि पीठगिरणीला जातो. गिरणी त्यातून लहान मुलांच्या पेजेचं पीठ बनवते. ट्रक निघण्याआधी मक्यात बुरशीचं विष आहे का ते तपासायचं आणि कागदावर सही करायची. विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. मर्यादा अब्जाला वीस. म्हणजे एका टनात वीस मिलिग्रॅम, चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढं.

एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर हे जमायला हरकत नाही. धाकट्यानं तेच सांगून मला इथे आणलं. तो इथला व्यवस्थापक. आधीच्या तपासनिसाचं आणि त्याचं पटलं नाही म्हणे, तो ऑक्टोबरच्या मध्यावर सोडून गेला. धाकटा सगळ्यांना ओळख करून देताना म्हणाला, "ही माझी ताई. हिनं मला रसायनशास्त्रात नापास केलं होतं. तेव्हा हिच्या सहीबद्दल कोणी शंका घ्यायची नाही." सगळे हसले. गोष्ट खरी आहे. अठ्ठावीस मार्क होते.

पहिला नमुना चार नंबरचा. आकडा सहा.

३ नोव्हेंबर

तीन नमुने. पाच, सात, चार.

नमुने धाकटा स्वतः आणून देतो. पांढरी पिशवी, वर चिठ्ठी, त्याच्या अक्षरात कोठीचा नंबर. नियमाप्रमाणे ते माझं काम. कोठीला बाहेरून शिडी आहे, एकेचाळीस पायऱ्या. मी पहिल्याच पायरीवर होते तेव्हा तो धावत आला. "ताई, तुझा गुडघा! तू वर चढायचं नाहीस. मी आहे ना." व्यवस्थापकानं हमालासारख्या पिशव्या वाहाव्यात हे मला बरं वाटलं नाही, पण इतकी काळजी करणारं कोणी आहे हे बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

पाच, पाच, सहा, पाच.

पेपर तपासताना ओळीनं चार मुलांना सारखे मार्क पडले की मी ते पेपर पुन्हा काढायचे. मक्याचं तसं नसावं. मका एकमेकांचं बघून लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

भावजय दुपारी डबा घेऊन आली. मी नको म्हणत असते, तरी आणते. टेबलाशी उभी राहून पांढऱ्या पिशव्यांकडे बघत होती.

"ताई, हा मका तुम्ही काढता की हे आणून देतात?"

"तोच आणतो. मला आयतं मिळतं."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "एकदा बघून या ना वर जाऊन. हवा छान असते."

तिला पहिल्यापासून टोमणे मारायची सवय आहे. मी आळशी आहे हे सांगायला हवेचं निमित्त कशाला? डबा मात्र चांगला होता.

११ नोव्हेंबर

ड्रायर चालवणाऱ्या माणसाला इथे सगळे वाफारा म्हणतात. दिवसभर गरम हवेत उभा असतो आणि कायम खोकतो, म्हणून. आज चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं का? ऑक्टोबरात बर्नर बंद होता."

"नाही. किती दिवस?"

"नऊ. बाहेर पाऊस, आणि मका ओला. चोवीस टक्के ओलावा. तेरा-चौदाच्या वर कोठीत घालायचा नसतो. पण ठेवणार कुठे? चार नंबरमध्ये भरला. नंतर वाळवला म्हणा, जेवढा बाहेर काढता आला तेवढा." चहा संपवून तो म्हणाला, "तिच्या पोटात ताप आहे."

मी किती विचारलं. बाहेर बावीस अंश असताना आत एकोणचाळीस. गेल्या आठवड्यात छत्तीस होते.

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा थर्मामीटर माझ्याहून म्हातारा आहे." शक्य आहे. जुना थर्मामीटर चुकतो. पण चुकणारा थर्मामीटर रोज तेवढाच चुकतो, दर आठवड्याला थोडा जास्त असं नाही. यावर विचार करायला हवा. आज दमले आहे.

१२ नोव्हेंबर

चार नंबरचे दोन नमुने. सहा, पाच. म्हणजे थर्मामीटरच.

१६ नोव्हेंबर

एक बाई टोपली घेऊन आली. टोपलीवर फडकं. मला बघितल्याबरोबर पदर सावरून उभी राहिली, तेव्हा ओळखलं. माझी विद्यार्थिनी, शेवटच्या बाकावरची. आता बदकं पाळते. कोठीखाली सांडलेला, झाडून काढलेला मका ती बदकांसाठी नेते.

फडकं काढलं. आत मेलेलं बदक होतं.

"बाई, चाळीसातली अकरा गेली. आधी खाणं सोडतात. मग पाय फाकवून बसतात, मान मागे टाकतात आणि संपतात. मका बाधला का?"

मी तिला वही दाखवली. तारखा, कोठ्या, आकडे. एकही दोन अंकी आकडा नाही. तिनं ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं. वर्गात तिनं इतक्या लक्षपूर्वक काही वाचल्याचं मला आठवत नाही.

"तुम्ही म्हणताय म्हणजे मक्यात नसणारच," ती म्हणाली. "मी पाणी बदलून बघते."

गुरांच्या डॉक्टरांना दाखवायला मी तिला चिठ्ठी दिली. 'मक्याची तपासणी झालेली आहे. दोष नाही.' खाली सही. वही नीट ठेवली की प्रश्नाचं उत्तर देता येतं, हे मुलांना सांगत आले, ते खरं आहे.

१७ नोव्हेंबर

सहा, पाच, पाच. तिसरा ट्रक गिरणीला गेला.

२१ नोव्हेंबर

सकाळी गुरांच्या डॉक्टरांचा फोन. आवाजावरून तरुण आणि घाईतला माणूस.

"चिठ्ठी तुमची का? मी तीन बदकं उघडली. तिघांचंही यकृत पिवळं, बोटानं दाबलं तर चुरा होतो. बदकाला हे विष सगळ्यात आधी लागतं. तुम्ही नमुना कुठून घेतलात?"

"चार नंबरच्या कोठीतून."

"कोठीत कुठून? वरून, मधून, तळातून, कडेनं? बुरशी सगळीकडे सारखी नसते. गठ्ठ्यानं असते. हजारात एखादा दाणा असतो आणि तोच सगळं विष घेऊन बसतो. कुठून घेतलात?"

त्याला वाटलं फोन तुटला. तो दोनदा 'हॅलो' म्हणाला.

प्रयोगवहीत मुलं एकमेकांचे आकडे उतरवायची. मी प्रत्येकाला उभं करून एकच प्रश्न विचारायचे, हे तू डोळ्यांनी बघितलंस का? एकतीस वर्षं विचारला. मला कोणी विचारला नव्हता.

२२ नोव्हेंबर

धाकटा गिरणीकडे गेलेला, दुपारपर्यंत येणार नव्हता. मी वाफाऱ्याला सांगितलं, चार नंबर बघायची आहे. त्यानं पोकळ सळई, बादली आणि तोंडाला बांधायला फडकं, सगळं जणू तयारच ठेवलेलं होतं.

"बाई, फडकं घट्ट बांधा. माझ्या छातीचं जे झालं ते तुमचं नको."

शिडी चढले. गुडघा दुखला, पण बातमी होण्याइतका नाही. वरच्या झाकणातून आत बघितलं तर मका पिवळाधमक, हसऱ्या चेहऱ्याचा. सळई दोन हात खाली गेली आणि अडली. वाफाऱ्यानं जोर लावला तेव्हा खाली काहीतरी कडकन मोडलं. सळईतून दाणे आले ते सुटे नव्हते. ढेपा होत्या. ढेप फोडली तर आत पिवळसर हिरवी भुकटी, बोटाला पावडरसारखी लागणारी. वास बंद ट्रंकेचा, त्यात आंबट.

मग खालच्या दारातून, कडेनं, मधून. असे बारा ठिकाणचे मिळून तीन ढीग केले आणि तीनही वेगवेगळे तपासले. दळा, पन्नास ग्रॅम घ्या, अल्कोहोल घाला, हलवा, गाळा, पट्टी बुडवा, पाच मिनिटं थांबा.

पहिल्या ढिगाला यंत्रानं आकडाच दाखवला नाही. मोजमापाच्या बाहेर. द्रव पातळ करून पुन्हा केलं. दोनशे बारा.

दुसरा ढीग, एकशे सत्त्याऐंशी.

तिसरा ढीग, नऊ.

तिसरा तीनदा केला. नऊ, दहा, नऊ. तोही खरा आहे.

वाफारा दारात उभा होता. मी त्याला आकडे सांगितले. तो म्हणाला, "मी थर्मामीटर नवा आणला होता बाई. माझ्या पैशानं. साहेब म्हणाले जुनाच लाव."

२३ नोव्हेंबर

आज जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दार लावून घेतलं. वही त्याच्यासमोर ठेवली, कालचे आकडे पेन्सिलीनं लिहिले होते. त्यानं वाचले आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "तू वर चढलीस?"

"चढले. तू आणायचास त्या पिशव्या कुठल्या?"

"एक नंबरच्या."

"सगळ्या?"

"चार नंबर म्हणून लिहिलेल्या सगळ्या."

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, याचं मला नवल वाटलं. मी बर्नरबद्दल विचारलं.

"ऑगस्टमध्ये वाफाऱ्यानं सांगितलं होतं, बर्नरचा भाग मागवा. कागद माझ्या टेबलावर होता. मी विसरलो, ताई. कोणाकडून काही खाल्लं नाही, कोणाला फसवायचं मनात नव्हतं. नुसता विसरलो. आणि मग पाऊस आला."

"आणि आधीचा तपासनीस?"

"त्यानं आकडा लिहायचा हट्ट धरला."

मग तो भराभर बोलायला लागला. त्र्याऐंशी घरांचा मका त्या कोठीत आहे. कोणाचा कुठला हे आता देवालाही सांगता येणार नाही. कोठी नाकारली तर त्र्याऐंशी घरं बुडाली, त्यांची काहीही चूक नसताना. म्हणून त्यानं चार नंबरचा एक भाग आणि एक नंबरचे पाच भाग असा मिसळून पाठवला. सरासरी वीसच्या आसपास येत असेल, नाहीतर थोडी वर. "गणित तूच शिकवलंस ना मला?"

"हे गणित नाही. मका म्हणजे चहातली साखर नव्हे, ढवळलं की सगळीकडे सारखी व्हायला. ढेप जिच्या पिशवीत जाईल तिच्या पिशवीत जाईल."

"मग नऊ लिही," तो म्हणाला. "तिसरा आकडा. तोही तुझ्याच हातचा आहे. खोटा नाही. तू एकही खोटं अक्षर लिहीत नाहीस, ताई."

नऊ खोटा नाही. तीनदा केलेला आहे.

मी विचारलं, "मला इथे का आणलंस? माझी सही कोणी पुन्हा बघत नाही म्हणून?"

"तू घरात एकटी भिंतीकडे बघत बसायचीस," तो म्हणाला.

दोन्ही कारणं असू शकतात. तो रडत नव्हता, पण टेबलावरच्या पट्ट्यांचं खोकं सारखं सरळ करत होता. खोकं सरळच होतं.

मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, विचार करते. एकसष्टाव्या वर्षी, रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनं, दोनशे बारा आणि नऊ यांतलं काय लिहू यावर विचार करते म्हटलं. हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे मागे मी स्वतःबद्दल काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

२४ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. भावजय आली. डबा नव्हता. बसलीही नाही.

"तुम्ही काय ठरवलंत?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"ते झोपेत उठून बसतात तेव्हापासून. ऑक्टोबरपासून."

"मग मला सांगायचंस."

"तीनदा सांगितलं, ताई. नमुना कोण काढतं विचारलं. वर जाऊन या म्हटलं. गेल्या आठवड्यात म्हटलं, त्या पिशव्या उघडून बघा, सगळ्या एकाच पोत्यातल्या वाटतात. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस." ती हे रागानं बोलत नव्हती, यादी वाचल्यासारखी बोलत होती. "उघड मी सांगितलं असतं तर बायकोनं नवऱ्याला पकडून दिलं असं झालं असतं. तुम्ही स्वतः बघितलं असतं तर बहिणीनं कान धरला असता. कान धरलेला माणूस घरात राहू शकतो."

ते शेवटचं बोलणं मी या रोजनिशीत लिहिलं नव्हतं. तेव्हा ते मला लिहिण्यासारखं वाटलं नाही.

जाताना तिनं विचारलं, "ते पीठ किती लहान मुलांना देतात?"

"सहा महिन्यांपासून पुढे."

ती चप्पल घालून गेली.

२५ नोव्हेंबर

आठ वाजता खोली उघडली. वहीतल्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. सदतीस नोंदी. प्रत्येक नोंदीसमोर लाल शाईनं एकच वाक्य, 'हा नमुना मी स्वतः काढलेला नाही.' खाली तारीख आणि सही. सदतीस वेळा एकच वाक्य लिहिणं ही शाळेत शिक्षा होती. मी ती कधी कोणाला दिली नव्हती, मला ती निरर्थक वाटायची. पंधराव्या नोंदीपर्यंत निरर्थकच वाटत होती.

मग २२ तारखेचे तीनही आकडे पेनानं पक्के केले. २१२, १८७, ९. एकही गाळला नाही.

दोन पत्रं लिहिली, एक गिरणीला, एक अन्न निरीक्षकाला. पत्रं धाडण्यापूर्वी धाकट्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्यासमोर ठेवली. त्यानं वाचली. दुसऱ्या पत्रात मी 'तपास' ऐवजी 'तपस' लिहिलं होतं, ते त्यानं बोटानं दाखवलं. मी काना दिला.

"तुझंही नाव येईल यात," तो म्हणाला.

"आलंच पाहिजे. सह्या माझ्या आहेत."

"मग तू काय मिळवलंस?"

काही नाही, असं मी म्हटलं. ते खरं होतं.

दुपारी बदकवालीकडे गेले. तिचं घर ओढ्याच्या कडेला, अंगणात पिसं पडलेली. तेरा बदकं उरली आहेत. मी जुनी चिठ्ठी परत मागितली आणि नवी दिली. 'मक्यात दोष होता. मी न बघता लिहिलं.' तिनं ती दोनदा वाचली.

"बाई, तुमचीसुद्धा चूक निघते?"

"निघाली."

"मी वर्गात तुम्हाला एकदा म्हटलं होतं, फळ्यावरचं समीकरण चुकलंय. तुम्ही मला बाहेर उभं केलंत." ती हसत होती. "बरोबर होतं का माझं?"

मला तो प्रसंग आठवत नाही. मी म्हटलं, बहुतेक असेल. तिनं मला बसायला पाट दिला, पण मी बसले नाही.

२८ नोव्हेंबर

निरीक्षक आले. दोन माणसं आणि एक पेटी. त्यांनी चार नंबरला सील लावलं. सील म्हणजे एक तार आणि शिशाची गोळी, एवढ्या मोठ्या लोखंडापुढे फारच किरकोळ दिसते. मला पावणेदोन तास प्रश्न विचारले. निरीक्षकाला एकच गोष्ट पटत नव्हती, तीन आठवडे सगळे आकडे पाच-सहा येत असताना मला शंका कशी आली नाही. मी म्हटलं, आली होती. या रोजनिशीत पाच तारखेला आहे. पण ही त्यांना दाखवली नाही.

धाकट्याला कामावरून दूर केलं. त्यानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि कोणती किल्ली कशाची ते एकेक करून नव्या माणसाला सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. वाफारा ड्रायर बंद करून बाहेर येऊन उभा राहिला. खोकत राहिला.

आवाराच्या फाटकाशी काही शेतकरी होते. त्यांतल्या एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "घर फिरलं की वासेही फिरतात, पण इथे वाशानंच घर फिरवलं." मी थांबून त्याला सांगणार होते की तुझा मका मी सडवलेला नाही. मग वाटलं, त्यानं ते कशाला ऐकावं? त्याचा मका सडलेलाच आहे.

गिरणीकडून कळलं, दोन ट्रक तसेच उभे आहेत. तिसऱ्यातली काही पोती दळली गेली. पिठाचा आकडा चौसष्ट. बहुतेक पिशव्या दुकानांतून परत आल्या. एकशे बारा विकल्या गेल्या आहेत.

३० नोव्हेंबर

घरी. दार वाजलं नाही.

२ डिसेंबर

सकाळी सात वाजता धाकटा आला. दाढी वाढलेली, हातात कागद. गिरणीनं दुकानांवर नोटीस चिकटवली आहे, 'तांत्रिक कारणास्तव माल परत घेण्यात येत आहे.' दोन दिवसांत नऊ पिशव्या परत आल्या. नोटीस कोण वाचतो?

"दुकानदारांना विचारून मी यादी केली," तो म्हणाला. "कोणी नेली ते त्यांना आठवतं, लहान मुलांच्या घरचं गिऱ्हाईक लक्षात राहतं. शहरातली गिरणीची माणसं बघतील. ओढ्यापलीकडच्या वस्त्यांत कोणी जाणार नाही. मी गाडी चालवतो. तू पत्ते वाच."

आम्ही आठ दिवसांत एकमेकांशी बोललो नव्हतो. मी चप्पल घातली.

दुपारपर्यंत नऊ घरं झाली. सात पिशव्या मिळाल्या, दोन संपल्या होत्या. प्रत्येक दारात तो तेच वाक्य बोलायचा, "कंपनीनं परत मागवलंय, बदलून नवीन देतील." मी मागे उभी राहायचे. वाक्य खोटं नव्हतं. एका घरी आजोबांनी विचारलं, चव तर चांगली होती, मग का? धाकटा म्हणाला, तांत्रिक.

दहावं घर शिंप्याच्या दुकानामागे, एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पंचविशीची मुलगी, कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं मूल, त्याच्या हनुवटीला पिवळी पेज वाळलेली. पिशवी तिनं फळीवरून काढून दिली. अर्ध्याहून कमी उरली होती.

"काय झालं पिठाला?" तिनं विचारलं.

धाकटा म्हणाला, "कंपनीनं…" आणि थांबला. मूल त्याच्या खिशातल्या पेनाकडे हात करत होतं. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"मक्याला बुरशी लागली होती," तो म्हणाला. "तिचं विष पिठात आलं आहे. मला माहीत होतं. तरी मी मका पाठवला."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्यापासून लांबच्या, आणि विचारलं, "हिला काय होईल?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. किती दिवस दिलं, रोज किती, ते विचारलं. बारा दिवस, दोन वेळा. आकडा मर्यादेच्या तिप्पट होता. एवढ्यानं आज उद्या काही होण्याचा संभव कमी. उलटी, पोट फुगणं, डोळे पिवळे दिसणं, असं काही दिसलं तर थांबायचं नाही. काही दिसलं नाही तरी डॉक्टरांना दाखवायचं. कागदावर विषाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि डॉक्टरांना हेच दाखव म्हटलं.

"पण नंतर? मोठी झाल्यावर?"

"हे विष यकृतावर हळूहळू काम करतं. बारा दिवसांनी बहुतेक काही फरक पडणार नाही."

"बहुतेक म्हणजे किती?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती आत गेली. आम्हाला वाटलं आता दार लावेल. ती एक स्टीलचा डबा घेऊन आली, पिठाचाच, काढून ठेवलेला. आमच्या पिशवीत उपडा केला, तळावर दोनदा थाप मारली, आणि डबा आतून पदरानं पुसला. धाकट्यानं माझ्या कागदाखाली स्वतःचं नाव, घरचा पत्ता आणि फोन लिहिला. ती ते वाचेपर्यंत थांबला. मग आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"ताई, काही होणार नाही असं म्हणाली असतीस तर तिचा जीव भांड्यात पडला असता."

"हो."

"आणि बहुतेक ते खरंच ठरलं असतं."

"हो."

त्यानं गाडी सुरू केली. वस्तीच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडे फुटत होता. तिथे त्यानं ब्रेक दाबला आणि समोर बघतच म्हणाला, "पुढचं घर वाच. आता दारात कोणी विचारायच्या आधी मीच खरं सांगतो."

मी पत्ता वाचला.